उसाचं हलणं

मंगळवार, दिवेलागण

आजचं आजच लिहून टाकतो.

आमच्या सुनेची, सुनीताची, नोकरीची मुलाखत आठ दिवसांवर आलीय. म्हणून रोज संध्याकाळी ओट्यावर शिकवणी: समोर जे चाललंय ते इंग्रजीत सांगायचं. आज आमची ही उसाच्या बांधावर म्हशीसाठी गवत कापत होती. सुनीता म्हणाली, "आई इज कटिंग ग्रास." मग म्हणाली, "शुगरकेन इज मूव्हिंग."

वाक्य बिनचूक. मी "शाब्बास!" म्हणालो आणि डोळे मिटले. वर्गात चालीवर म्हणवून घेतलेल्या, डोलत्या शेतांच्या कविता आठवत बसलो. किती वेळ?

"अण्णा, वारं न्हाई!" सुनीता किंचाळली. खरंच, अंगणातली तुळससुद्धा हलत नव्हती, आणि ऊस एकाच जागी हलत होता. हिच्यापासून चार हातांवर.

आम्ही थाळ्या बडवल्या. हलणं थांबलं. पण बाहेर काही पडलं नाही, मागे सरकलेलंही दिसलं नाही.

ही भारा घेऊन आली. उसात बिबट्या असतो, आणि तो वाकलेल्या माणसाची मान धरतो, म्हणून आणलेला गळ्यात घालायचा खिळ्यांचा पट्टा घरातच खुंटीला होता. मी रागावलो.

"पट्टा घालाया मी काय कुत्री हाय? तुमी तुमचं विंग्रजी बघा."

ऊस हलतोय हे मी ऐकलं होतं. ऐकून शाब्बास म्हणालो होतो. हे हिला सांगवलं नाही.

भारा उद्या दुपारपर्यंत पुरेल. पुढचं गवत त्याच बांधावर आहे.