खडा दाखवा!

३ फेब्रुवारी

सुटले एकदाची! ह्यांचं लेझर झालं. टाका नाही, कापाकापी नाही. लघवीच्या वाटेनंच बारीक दुर्बीण आत घातली आणि मूत्रनळीत अडकलेल्या खड्याचा भुगा केला. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "काकू, अगदी पिठासारखा झालाय. लघवीवाटे निघून जाईल." आत एक मऊ नळी ठेवलीय, ती दोन आठवड्यांनी काढायची. तेही बिनटाक्याचंच.

आणि ह्यांनी डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य काय? "खडा दाखवा." बायको सकाळपासून बाकावर उपाशी बसलीय, तिची चौकशी — छे!

४ फेब्रुवारी

घरी आलो. गाडीत खडा, जिन्यात खडा, जेवताना खडा.

ह्यांचं म्हणणं असं की चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, साधा वॉशर बदलला तरी जुना गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवला. "जुना पार्ट दाखवत नाही तो मेकॅनिक लबाड." म्हणजे डॉक्टरीणबाई लबाड! म्हटलं, अहो, भुगा झाला, आता पार्ट कुठून आणायचा? तर म्हणे, "मग भुगा दाखवा."

६ फेब्रुवारी

चहाची गाळणी सापडेना. सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं. सापडली कुठे — बाथरूममध्ये! हे लघवी गाळून बघताहेत. "काही नाही सापडलं. नुसतं लाल पाणी." वर माझ्याकडे अशा नजरेनं बघतात की जणू मीच खडा पळवलाय.

नवी गाळणी आणली. जुनी ह्यांना लखलाभ.

८ फेब्रुवारी

समोरचे पोस्टमास्तर भेटायला आले. माणूस आजाऱ्याकडे फळं घेऊन येतो, ते खिशात बाटली घेऊन आले! त्यांचं पित्ताशय काढलं होतं ना, त्यातले खडे. टेबलावर ओतून दाखवले. त्याच टेबलावर आम्ही जेवतो!! हे मात्र एकेक खडा उचलून उजेडात धरून बघत बसले. "बघ, ह्याला म्हणतात ऑपरेशन."

आता कळलं दुखणं कुठंय ते. पोस्टमास्तरांकडे बाटली आहे आणि आपल्याकडे नाही! सत्तरी गाठली तरी पोरकटपणा जात नाही.

११ फेब्रुवारी

पाणी पीत नाहीत. तांब्या घेऊन मागे मागे फिरते. आज नवीनच काढलं — नळी काढायला जाणार नाही, आधी खडा.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, नळी आत असेपर्यंत थोडं लाल होतं, घाबरू नका. पण ती तशीच राहिली तर तिच्यावरच नवे खडे चढतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. "काकू, काहीही करा, पण त्यांना घेऊन या." काहीही म्हणजे काय करू? उचलून आणू?

ह्यांना सगळं सांगितलं. तरी तेच, "आधी खडा." लेकीला फोन लावला तर ती हसतेय! "आई, दे काहीतरी बाटलीत घालून. बाबा खूश, तू मोकळी."

१३ फेब्रुवारी

केलं. कुंडीतला एक तपकिरी, खडबडीत खडा घेतला, घासून धुतला, कानात घालायच्या औषधाची रिकामी बाटली होती तिच्यात टाकला. "डॉक्टरीणबाईंनी पाठवला. शोधून ठेवला होता म्हणे तुमच्यासाठी." खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही माझी!

ह्यांनी बाटली हलवून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "बरं." बस्स. गाळणी नाही, कटकट नाही. एवढ्याशा दगडानं काम झालं, मी उगाच दहा दिवस डोकं फोडून घेतलं.

१५ फेब्रुवारी

फारच शहाण्यासारखे वागताहेत. दिलं ते पाणी पितात. पोस्टमास्तरांना बाटली दाखवली का विचारलं, तर नाही म्हणाले. मग एवढा तमाशा कशासाठी केला होता?

१६ फेब्रुवारी

आता हे काय नवीन! पान्यांचा अख्खा संच नाक्यावरच्या मेकॅनिकला देऊन आले. ज्याला आयुष्यभर लबाड म्हटलं, त्याला! मला हात लावू द्यायचे नाहीत त्या पेटीला. विचारलं, अहो, असं काय करता? "पडून राहिले असते." लेकीलाही फोन करून चार दिवस राहायला ये म्हणाले. तिला कधी नव्हे ते 'बाळा' म्हणाले. ती मलाच विचारतेय, बाबांना काय झालंय?

मला काय विचारतेस! मी वैतागलेय नुसती. उद्या नळी निघाली की सुटले.

१७ फेब्रुवारी

निघायच्या वेळी म्हणाले, "राहू दे आता. उगाच कशाला त्रास." बाटली माझ्यापुढे ठेवली. "हा आपल्या कुंडीतला आहे."

मग सांगायला लागले, अगदी शांतपणे. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले, मी त्यांना पाहिलंही नाही. "बाबांना कॅन्सर होता. आम्ही खडा म्हणून सांगितलं. बाटलीत घालून मीच नेऊन दिला. शेवटपर्यंत उशाशी ठेवला त्यांनी."

अहो, तुमचा खडाच होता हो! खरंच खडाच होता, लेकीची शपथ! — ओरडले, रडले, हात धरले.

ह्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "मीही शपथ घेतली होती."