माजघरातला पंखा

३ मार्च १९८५

पंखा घ्यायचाच! आज ठरलं. म्हणजे मी ठरवलं. हे अजून "बघू"वरच आहेत. यांचं "बघू" लग्न झाल्यापासून ऐकतेय.

सकाळी रघूचं पत्र आलं. मे महिन्यात येतो म्हणतो, राहीलाही आणतो, पण "बघू, जमलं तर". बापाचाच मुलगा! गेल्या मे महिन्यात दोघं महिनाभर राहायची म्हणून आली आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरून एस्टीत बसली. कारण काय, तर राहीला उकाडा सोसत नाही. डोंबिवलीच्या खोलीत पंखा आहे, इथे नाही. सुनेसाठी म्हणून कापा फणस राखून ठेवला होता, तो शेवटी शेजारी वाटला. एकुलता एक मुलगा, त्याची बायको, आणि सासरी राहणं किती, तर दोन रात्री!

माझंच चुकलं. शाळेतून निवृत्त झाले तेव्हाच पंखा घेतला असता तर ती राहिली असती. तेव्हा मी काय घेतलं? तर पितळेचा बंब. आता बस त्याला घासत.

५ मार्च

हे म्हणतात टेबलफॅन घे. टेबलफॅन! एकाला वारा आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. शिवाय दिसतो कसा, शेजारून मागून आणल्यासारखा. नाहीतर सुनेला ओटीवर झोपू दे, म्हणे समुद्राचा वारा फुकट आहे. आणि पहाटे पाणंदीतून जाणारा प्रत्येक जण थांबून तिची चौकशी करणार, ते? पुरुषांना एवढंही कळू नये!

अडचण एकच आहे. घर ठेंगणं. माजघरावर लाकडी माळा, माळ्यावर भात, नारळ, मे महिन्यात आंब्याची अढी. त्याच्या तुळया इतक्या खाली की यांनी हात वर केला की बोटं टेकतात. सासरे म्हणायचे, वाऱ्यापावसाला घर ठेंगणंच बरं. त्यांना काय ठाऊक, पुढे वारा विजेवर येणार आहे!

१० मार्च

रत्नागिरीला जाऊन आले. शिमग्याला आलेले मुंबईकर परत चाललेत, एस्टीत पाय ठेवायला जागा नाही. सगळ्यांचे आले. आमचे नाही आले.

दुकानदाराने पहिलंच विचारलं, बाई, छताची उंची किती? आता आली का पंचाईत! जन्मभर पोरांना फूट-इंच शिकवले आणि स्वतःचं घर कधी मोजलं नाही. मी म्हटलं, आमच्या ह्यांचा हात पोचतो. तर तो म्हणाला, तुमचे हे केवढे आहेत? दुकानातली माणसं हसली. मीही हसले, करते काय. हात हलवत परत.

११ मार्च

मोजलं. हे भिंतीला उभे, मी पाटावर, हातात शिवणाची टेप. ह्यांचं तोंड फोटो काढून घेत असल्यासारखं.

१७ मार्च

पंखा आला! दुकानदार म्हणत होता, ठेंगण्या घराला छत्तीस इंची पुरे. मी ऐकलं नाही. म्हटलं, सून डोंबिवलीची आहे, मोठाच द्या. अठ्ठेचाळीस इंची घेतला. लावायला हुसेन आला होता. दुसरीत माझ्या हाताखाली होता, पुढे कुवेतला जाऊन वायरिंग शिकला. हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं. त्याने दांडा कापून वीतभर केला आणि तुळईला पंखा टांगला. हे खालून गेले, डोक्यावर चांगली चार बोटं जागा राहिली. मी साखर वाटली.

१९ मार्च

टोपी गेली!

हे बाजारात जायला निघाले. कपडे केले, टोपी घातली, पंख्याखालून निघाले — आणि फटकन आवाज. टोपी देवघरात जाऊन पडली. मोजलं तेव्हा हे बोडक्या डोक्याने उभे होते. घरात टोपी घालत नाहीत ना! दोघांच्याही लक्षात आलं नाही. ह्यांनी टोपी उचलली, झटकली, आणि पंख्याकडे अशा नजरेने बघितलं की मला हसू आवरेना. मग एकदम आठवलं. रघू ह्यांच्यापेक्षा उंच आहे.

२४ मार्च

हुसेन आला. पंखा बदलून छत्तीस इंची आणा म्हणतो. तोही तुळईला नको, दोन तुळयांच्या मधल्या पोकळीत, वर फळीलगत बसवायला हवा. आमच्या तुळया जवळजवळ. पंख्याला पाती फिरवायला पुरेल एवढी पोकळी घरात एकाच ठिकाणी आहे. त्याने बोट दाखवलं तिथे — पाळण्याच्या कडीकडे!

सासऱ्यांनी घर बांधताना तेवढ्याच दोन तुळयांत अंतर जास्त ठेवलं, पाळण्याला नीट झोका मिळावा म्हणून. वर माळ्यावर आडवं लाकूड, त्यातून लोखंडी कडी फळीतून खाली आलेली. त्या कडीला हे झुलले, रघू झुलला. त्यानंतर ती रिकामी. खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून मी तिला खोबरेल लावत असते. गेल्या मे महिन्यात राही आली त्या संध्याकाळी तेच करत होते. तिला स्टुलावर उभं केलं, तेलाची वाटी हातात दिली आणि म्हटलं, "लाव गो, तुझ्या हाताने. वाट बघून कडीपण कंटाळली." एवढंच. कुठली सासू म्हणत नाही? तिने मुकाट तेल लावलं, वाटी ठेवली आणि आत गेली.

त्या कडीला पंखा टांगायचा? मी हुसेनला म्हटलं, जिभेला काही हाड? बिचारा चहा न घेताच गेला. आता वाईट वाटतंय. त्याचं काय चुकलं?

२ एप्रिल

दुसरी जागा सापडत नाही. भिंतीवर लावायचा पंखा मिळतो म्हणे, पण आमची भिंत मातीची, वर चुन्याचा गिलावा. हुसेनने एक खिळा मारून दाखवला. पाठोपाठ ढेपळा खाली आला. माळ्याच्या फळ्या काढूया म्हटलं, तर हे गरजले, भात काय तुझ्या डोक्यावर ठेवू? खरं आहे त्यांचं.

रात्री उकडतं आता. ह्यांना विंझणवारा घालता घालता गेल्या वर्षीची राही आठवते. कूस बदलत होती सारखी, मला ऐकू येत होतं. उठून तिला वारा घालायला हवा होता. सासूने सुनेला वारा घालायचा का, हा विचार आडवा आला.

९ एप्रिल

रघूचं पत्र. बारा मेला येतोय. खाली एक ओळ — "राहीचं अजून मन होत नाही, पण मी समजावतोय."

संपलं. कडी तर कडी. आधी माणसं घरात यायला हवीत, मग पाळण्याची गोष्ट.

१४ एप्रिल

लावला. छत्तीस इंची, पांढरा, कडीतच अडकवलेला. कडीभोवती हुसेनने रबर गुंडाळलं, वरून पंख्याची वाटी बसवली. कडी दिसतसुद्धा नाही आता. ह्यांनी टोपी घालून खालून तीन येरझाऱ्या घातल्या. वर हात करून दाखवला. काही नाही! एकदम खूश.

मला जेवण गेलं नाही. सासऱ्यांनी ज्यासाठी जागा ठेवली ती मी वाऱ्याला देऊन टाकली. नातवंडाची आशा आपल्याच हाताने झाकल्यासारखं वाटलं. हे म्हणाले, अगो, पंखा काढता येतो. हो, येतो. तरी पण.

१२ मे

आली दोघं! रघू वाळलाय. राही उंबऱ्यात थांबली. मी म्हटलं, ये गो आत, आता वारा आहे. तरी थांबलीच. मग वर बघितलं आणि बघतच राहिली. पंखा एवढा काय बघायचा, तिच्या घरी आहे की!

दुपारी पंखा फिरेना, व्होल्टेज नव्हतं. मी कासावीस. हुसेनला बोलावणं धाडलं. तो येईपर्यंत लाइट नीट झाली, मग बसला ओटीवर गप्पा हाणत. राहीला टोपीची सगळी कथा सांगितली, पदरचा मीठमसाला लावून. ती हसली. या घरात तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

१३ मे

उद्या तिसरा दिवस. दोनदा बॅगेकडे बघून आले. कपडे बाहेर काढून दांडीवर टाकलेत. बरं लक्षण की काय, कळत नाही.

१४ मे



दुपारी पुरुष झोपले होते. मी नारळ खवत होते. राही आली आणि समोर बसली. म्हणाली, "आई, गेल्या वर्षी आम्ही उकाड्याने नाही गेलो. मला दिवस गेले होते. चौथ्या महिन्यात मूल गेलं. इथे आले तेव्हा पंधरा दिवसही झाले नव्हते. तुम्ही माझ्या हातात तेलाची वाटी दिलीत."

माझा हात विळीवरच राहिला.

रघूने कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं म्हणे. त्या दोन रात्री ती माजघरात कडीखाली पडून होती. वर बघवेना आणि डोळे मिटवेनात. आणि मी पलीकडे पडून, हिला उकडतंय म्हणून चरफडत होते!

मग म्हणाली, या वर्षीही यायचं नव्हतं. उंबऱ्यात पाय अडला. वर बघितलं तर कडी नाही. "तुम्ही झाकलीत ती. मला बरं वाटलं, आई."

दुसरीकडे बसत नव्हता म्हणून तिथे लावला, हे ओठावर आलं होतं. आलं ते गिळलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला. जे केलंच नाही त्याचं पुण्य पदरात घेतलं. वर्षभर उकाड्याला शिव्या दिल्या, आणि पोरीला पोळलं कोणी, तर मी!

१५ मे

रघूला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, तुला वाईट वाटलं असतं. ह्यांना सांगितलं. हे माळ्यावर चढले आणि अढीतले पिकले आंबे राहीसाठी घेऊन आले.

१६ मे

पंख्याखाली झोपवत नाही. वारा लागला की ते पुण्य आठवतं. राही शेजारी शांत झोपलेली. उद्या तिला खरं सांगायचं. जाईल तर जाईल. फसवून ठेवून घ्यायची नाही.

१७ मे

सांगितलं. परसात ती फणस सोलत होती. मी उभ्यानेच म्हटलं, राही, तो पंखा मी तुझ्यासाठी म्हणून कडीवर नाही लावला. दुसरीकडे मावत नव्हता. तिथे लावताना मी तर रडले होते. मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

तिने मान वर केली नाही. गरे काढता काढता म्हणाली, "ठाऊक आहे, आई. हुसेनभाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तरी बरंच वाटलं."

मग म्हणाली, हाताला चीक लागलाय, तेल द्या. मी घरातून तेलाची वाटी आणली आणि तिच्या हातांना लावत बसले.