शोभाबाईंना दिलेलं उत्तर

सुरत, १२ मार्च १९९४

तीर्थरूप नानांस नूतनचा नमस्कार.

दुःखातल्या माणसाला खोटा धीर द्यावा का? मला उत्तर सापडत नाही.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

परवा बातम्यांसाठी इस्पितळात गेले होते. कापड विणायच्या लूमवर शॉक लागून एक कामगार गेला होता. "एकच? फिलर होईल," मी बोलून गेले. पानावर उरलेली जागा भरायच्या बातमीला आम्ही फिलर म्हणतो.

बाकावर त्याची बायको शोभाबाई बसली होती.

"ताई, फिलर म्हंजे काय?"

"मोठी बातमी."

"मंग त्यांचं नाव मोठ्या अक्षरात येईल?"

मी होकारार्थी मान हलवली.

छापून दोनच ओळी आल्या, नावाशिवाय. काल तो पेपर घेऊन तिच्या खोलीवर गेले आणि फिलरचा खरा अर्थ सांगून आले.

तुमची नूतन