पोरीच्या पत्रिकेतला मंगळ

बाई, आज तुमच्यावर थोडा राग धरूनच लिहायला बसले आहे. तुम्ही आम्हाला ग्रह शिकवलेत, पण ग्रहांना भिणाऱ्या माणसांपुढे काय बोलायचं ते शिकवलं नाहीत. आता विचारायला यावं, तर तुम्हाला जाऊन माझ्या मुलीच्या वयाइतकी वर्षं झालीत.

भरे गावच्या शाळेतला तो दिवस मला अजून दिसतो. शेजारच्या घरातून तुम्ही कोंबड्या झाकायचं मोठं डालगं मागून आणलंय, तो आमचा सूर्य. त्या मापानं पृथ्वी म्हणजे हरभऱ्याचा दाणा. शुक्र तिच्याच अंगलोटाचा, पण ढगांचं पांघरूण घेऊन भट्टीसारखा तापलेला. गुरूसाठी मोसंबं आणलंत आणि त्यावर लाल खडूनं ठिपका काढलात. ते म्हणे कित्येक पिढ्या न शमलेलं वादळ. शनी ओढ्यापलीकडे, पुठ्ठ्याचं कडं घालून. युरेनस आडवा पडून फिरतो म्हटल्यावर आम्ही हसून लोळलो. नेपच्यून ठेवायला मात्र पार पिरंगुटच्या वाटेला जावं लागलं. मंगळ म्हणजे एक मूग, कुंपणाजवळच्या दगडावर ठेवलेला. आणि डालगं शाळेत आल्यामुळे मोकळ्या सुटलेल्या कोंबड्यांपैकी एकीनं येऊन तो टिपला. पोरं ओरडली, "बाई, कोंबडीनं मंगळ खाल्ला!" मी घाबरून म्हणाले, "मंगळ लई कडक असतोय बाई. आता ती मरंल." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मला जमिनीत जावंसं वाटलं. "कुणी सांगितलं तुला? तिथं गंजलेली धूळ आहे आणि हाडं गोठवणारी थंडी. हवासुद्धा नावालाच. जा, दुसरा मूग आण." मी आणला. कोंबडी पुढे बरेच दिवस अंडी देत होती.

आता माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. ती हिंजवडीत कंपनीत आहे, मुलगा तिथलाच, तिनंच पसंत केलेला. सगळं जुळलं आणि घोडं अडलं ते मंगळापाशी. मुलाकडच्यांनी पत्रिका पाहिली, सातव्या घरात मंगळ निघाला. त्यांचं म्हणणं, आधी मुलीचं लग्न मातीच्या मडक्याशी लावा, मडकं पाण्यात सोडा, दोष त्याच्याबरोबर जाईल, मग आमच्या मुलाशी. म्हणजे पहिला नवरा मडकं, मरायचं ते त्यानं. माझ्या सासूबाईंनी लगेच मान डोलावली. "खोटं न्हाई काय त्यात. नवऱ्याला खातोय त्यो. एका मडक्यानं इडापिडा टळत आसंल तर तुजं काय जातंय?" मी त्यांना धूळ, थंडी, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आसंल तिकडं थंडी. हितं पोरीच्या पत्रिकेत बसलाय न्हवं?" पालथ्या घड्यावर पाणी. मला वाटलं, निदान मुलगी तरी माझ्या बाजूनं उभी राहील.

ती भाकरी मोडत होती. म्हणाली, "आई, मला नको शिकवूस. मंगळावर फिरणाऱ्या गाडीचे फोटो मीच दाखवले ना तुला मोबाइलवर? पण उद्या लग्नानंतर तो बाइकवरून पडला, नुसता पाय मोडला, तरी सगळे माझ्याकडेच बघतील. जन्मभर बघतील. एक तासाचं काम आहे, करून टाकू दे." ती म्हणत होती ते खरंच होतं. इतकं हतबल मला कधी वाटलं नव्हतं, बाई. आपलेच दात, आपलेच ओठ. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात याचा मी खूप विचार केला, आणि मला एकही वाक्य सुचलं नाही.

काल सकाळी अंगणात ते झालं. माझी शिकलेली पोर हिरवी साडी नेसून मडक्याशेजारी बसली. मडक्याला मुंडावळ्या बांधल्या होत्या. गुरुजींनी घाईनं मंगलाष्टकं म्हटली, सासूबाईंनी अक्षता टाकल्या, माझ्याही हातात दिल्या. नंतर आम्ही धरणाच्या पाण्यावर गेलो. मडकं थोडा वेळ तरंगलं, मग कलंडून पाणी प्यायला लागलं. पोर हसून म्हणाली, "झाले मी मोकळी." ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी धीर झाला नसता. कारण मडकं बुडताना गुरुजी म्हणाले, मंगळाला नमस्कार करा. मुलगी मोबाइल बघत होती. हात मी जोडले. नुसते जोडले नाहीत, बाई, मी त्याला मनापासून म्हणाले, माझ्या पोरीच्या वाटेला जाऊ नकोस.