लिलावाच्या पडद्यावर ‘नको’ बसवण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
लिलाव संगणकीकरण कक्ष,
रेशीमकोष बाजार, होसकेरे

विषय : ‘नको’ हे बटण सोमवारपूर्वी बसवू देण्याबाबत.
संदर्भ : आपली ‘पुढील वर्षी पाहू’ ही टिप्पणी, दि. ३ जून.

महोदय,

मी, एम. विशालाक्षी, आपली लिलाव प्रणाली बांधणाऱ्या बेंगळुरूच्या कंपनीची प्रकल्पप्रमुख, सविनय सादर करते की, सोमवारी तोंडी लिलाव बंद होऊन पडद्यावरचा सुरू होणार आहे.

१. पूर्वापार पद्धतीप्रमाणे आपण आधी ३१२ पानांचा आराखडा करून चौदा सह्या घेतल्या. आम्ही अकरा महिने त्याबरहुकूम बांधले आणि विक्रेत्यांना गेल्या आठवड्यात प्रथम दाखवले. कोष विकणाऱ्या पुट्टम्मा पडद्यावर बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या, “अगं पोरी, हो म्हणायला एवढं हिरवंगार बटण, आणि नाही म्हणायला जागाच नाही? भाव पडला तर काय तोंड बघत बसू?” भाव नाकारून दुसऱ्या फेरीला बसायचा हक्क इथे पिढ्यानपिढ्या आहे. चौदा साहेबांपैकी एकालाही तो आठवला नाही. मलाही विचारायचे सुचले नाही, हे कबूल करते.

२. असे होऊ नये म्हणूनच मी सुरुवातीला जुळवून घेत जाण्याची पद्धत सुचवली होती: थोडे बांधावे, पंधरवड्याला विक्रेत्यांना दाखवावे, चुकले ते लगेच सुधारावे, रोज सकाळी उभ्याउभ्या दहा मिनिटे बोलावे. आपण त्यातले फक्त उभे राहणे मंजूर केलेत! आता चौदाही सह्यांचे धनी रोज दोन तास उभे असतात, आपल्याला खुर्ची असते आणि इतिवृत्त पुढच्या उभ्या बैठकीत कायम होते. विक्रेत्यांना बोलावणे अजून विचाराधीन आहे.

३. कोष विचाराधीन राहत नाही, महोदय. आठवडाभरात पतंग तो फोडतो, धागा तुटतो, माल मातीमोल होतो. बटणाचे काम एका दुपारचे आहे. मला झोप नाही, जेवण जात नाही.

४. हा अर्ज आपल्या बदल-मंजुरीच्या पडद्यावरही दाखल केला आहे. कागदी टिप्पणी कालपासून बंद, हा आपलाच आदेश. तो पडदाही त्याच आराखड्यातला, पान २८८. तिथेही ‘मान्य’ एवढे एकच बटण आहे.

तरी सोमवारच्या आत दाबावे, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र आणि अस्वस्थ,
एम. विशालाक्षी
दि. ५ जून

सोबत : १) आराखडा, पान २८८.
२) उभ्या बैठकांचे इतिवृत्त, ४१ पाने.
३) पुट्टम्मांनी आपल्यासाठी दिलेला कोष, नग एक. पाकीट वेळेत उघडावे, नाहीतर आतला उघडेल.