मुठीतला कोयता

मंगळवार, दिवेलागण

ऊसतोडीवरून घरी येऊन महिना झाला, पण उजव्या हाताला अजून ते कळलेलं नाही. आज दुपारी ओसरीवर डोळा लागला. जागी झाले तर मूठ घट्ट मिटलेली, जणू आत कोयताच आहे. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत नुसत्या मुंग्या. डाव्या हातानं एकेक बोट सोडवलं.

सकाळीच पाथर्डीच्या डॉक्टरीणबाईंनी मनगटाचा पट्टा दिला होता. "नस दबलीय. झोपताना हा बांधा, मनगट सरळ राहील. दुखलं की काय करता?"

"मूठ आवळून धरते."

"तिथंच चुकतं. हात सैल सोडा."

सैल कसा सोडायचा? फडात मूठ सैल पडली तर कोयता सरळ पायावर. बारा हंगाम हाताला हेच शिकवलं, आता उलटं कसं शिकवू?

पट्टा बघून हे हसले. "मी बी तोच ऊस तोडला. मला काय हुतंय का?" राग आला. टोळीत नवरा-बायकोची जोडी एकच कोयता म्हणून मोजतात, मग दुखणं तेवढं माझ्या एकटीचं?

आत्ता दिवा लावायला उठले. हे बाजेवर झोपलेले. दिवेलागणीला झोपू नये म्हणून हाक मारणार होते, तर हाताकडे लक्ष गेलं. मूठ मिटलेली, अगदी माझ्यासारखी. शेजारी बसून एकेक बोट सोडवलं. आत काही नव्हतं. मग माझा पट्टा त्यांच्या मनगटाला बांधला.

झोपेतच म्हणाले, "मोळी बांधली का गं?"

"व्हय," म्हटलं, "बांधली. निजा आता."