जुळलेल्या जोड्यांचा बॅकअप

३ नोव्हेंबर
बालाघाटले आली एकदाची! चिन्मयची बदली झाली म्हणून भंडाऱ्याहून बिऱ्हाड हलवलं. अन् नशीब पाहा, ज्या आशालताकाकूंच्या वधूवर मंडळानं मागच्या वर्षी आमचं लग्न जुळवलं, तिथंच मले नोकरी लागली. काकूंचा एक नेम आहे. जुळलेली नावं कॉम्प्युटरमधून पुसायची नाहीत, अन् रोज दिवाबत्ती झाली की त्यांचा बॅकअप घ्यायचा. मले हसू आलं. काकू नाही हसल्या.

७ नोव्हेंबर
लालबर्रावरून पुनारामबाबा अन् कमलाबाई पेढे घेऊन आले. मंडळानं जुळवलेली ही पहिली जोडी. पेढे गोडमिट्ट कोणामुळे झाले यावरून सारा वेळ भांडले. आम्ही दोघंही म्हातारपणी असेच होणार बाप्पा!

बॅकअपच्या प्रोग्रामवर सूचना आली. नव्या आवृत्तीत जुना डेटाबेस चालणार नाही, इतकी वर्षं सोबत राहिल्याबद्दल आभार. हात सोडता सोडता आभार म्हणे! जुळलेली सगळी नावं त्या जुन्यातच आहेत, आमचीही. काकू म्हणाल्या, काही होत नाही, करून टाक अपडेट. केलं.

११ नोव्हेंबर
पुनारामबाबा अन् कमलाबाई आले, बाकाच्या दोन टोकांना बसले. कमलाबाई माझ्या कानात म्हणाल्या, हा बुढा लालबर्रापासून मागं लागला, माझं घर त्याचं म्हणते. बाबांचीही तीच तक्रार, बाईबद्दल. दोघांच्या हातात एकाच कुलपाच्या चाव्या. मी चिडवून पाहिलं. दोघांनीही आपापली चावी मुठीत लपवली.

१३ नोव्हेंबर
फोन थांबत नाही. आधी जुन्या जोड्या एकमेकांले विसरल्या, मग त्यानंतरच्या. त्यातल्याच एका देवेंद्रभाऊंनी बायकोले चोर समजून पोलीस बोलावले. आमचं लग्न अलीकडचं, म्हणून आमचा नंबर शेवटी. पण येणार.

जुना डेटाबेस उघडत नाही. नव्यात मात्र आशालता अन् गुणाकर ही नावं आहेत. काकूंनी स्वतःले अन् नवऱ्याले आधीच हलवलं होतं! विचारलं तर म्हणाल्या, मागे एकदा बॅकअप चुकला तं गुणाकरकाकांनी काकूंले दारातच विचारलं, कोण पाहिजे. मग बाकीच्यांले काहून नाही हलवलं? काकू वाती वळत होत्या. आपलं घर आधी पाहा लागते बाई, म्हणाल्या. लग्नात याच बाईनं माझी ओटी भरलती.

१४ नोव्हेंबर
आमची नावं नव्यात मीच टाकली. जीव भांड्यात पडला. मग पाहिलं — नवी नोंद, म्हणून दोघांच्याही नावापुढे आपोआप — अविवाहित. बदलत नाही. काही केल्या बदलत नाही.

१५ नोव्हेंबर
चिन्मय नवा शर्ट घालून आरशापुढे. मले ताई म्हणाला. मंडळातून स्थळ आलं, बिरसा गावाले मुलगी पाहायले चालला. मी आमच्या लग्नाचा फोटो पुढे धरला. म्हणाला, जोडी छान आहे, कोण आहेत —

१६ नोव्हेंबर
मले पाहायले मलाजखंडचे लोक आले. काकू म्हणाल्या, पोहे कर. आतल्या खोलीत कोणाचा तरी शर्ट — वास ओळखीचा — फोटोतल्या या बाईचा चेहरा माझ्यासारखा काहून — अन् मी रडून काहून राह्य—